उंदरानं कुरतडलेला पदर

खोटं बोललीस तू, आणि तेही पोटच्या पोरीशी. कशी आहेस ते मागाहून विचारीन, माय.

माझी पित्ताची पिशवी काढली, दुर्बिणीतून. चार बारीक भोकं, बस. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मशीनवर बघत पोटाच्या दोन्ही अंगांना नसांपाशी सुईनं औषध सोडलं. म्हणाल्या, "माँजी, नसा बधिर राहतील. मग गुंगीची जड औषधं फार टोचावी लागणार नाहीत, उलट्याही कमी. उद्या असर उतरेल, दुखेल, तेव्हा सांगायचं." त्या दिवशी खरंच काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी असर उतरला. नर्स गुजरातीत विचारते, "बा, दुखे छे?" मी म्हणते, "ना बेन, ना." तुझीच पोर ना मी! कोसाड वस्तीतल्या आपल्या खोलीत बाळंत होताना ओरडले, तर तू माझ्या तोंडात पदर कोंबलास. "उगी राय. मन्हं पोट फाडं तरी माले काहीच दुखनं नही." गर्भपिशवी काढून आठ दिवस झाले नाहीत तर तू साड्यांचे धागे कापायला बसलेली, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून जन्मभर मी स्वतःलाच रडकी समजत आले.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी पदर चावत, वरवर श्वास घेत पडलेली. त्या रागावल्या, "दुखणं लपवून कुणाला काय दाखवायचंय? खोल श्वास घेतला नाही तर छातीत कफ धरेल!" साधी गोळी दिली, तासाभरात उठून बसले. पदर झटकला तर दातांची भोकं. अशीच भोकं तुझ्या हिरव्या लुगड्याला होती. तू म्हणायचीस, उंदरानं कुरतडलं. मी त्या उंदरासाठी पिंजरा लावला होता गं, रोज नवा भाकरीचा तुकडा घालून!

लेक उशाशी होती. पुढच्या महिन्यात तिचीही गर्भपिशवी अशीच दुर्बिणीतून काढायची आहे. पदर हातात घेऊन म्हणाली, "हे काय गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदरानं कुरतडलं." हॉस्पिटलात, अंगावरच्या साडीला! ती हसली नाही. म्हणाली, "मला नको ती नसांची सुई. तुला कुठं कधी दुखतं? मीही सोसेन."

तेव्हापासून दोनदा तिच्यासमोर तोंड उघडलं आणि चहाच मागितला. तू तर कधीच वर गेलीस, हा कागद तुला पोचायचा नाही, डब्याखाली घालून ठेवते. पण तिच्या ऑपरेशनच्या आधी ती पुन्हा विचारेल, तुला दुखलं होतं का म्हणून. तेव्हा तिला उत्तर तू द्यायचं, माय, मी नाही. उंदीर तुझा होता.