नवा पंप की रिकंडिशन

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. निर्णय घेणाऱ्या माणसाचं सगळं कसं कागदावर असावं.
गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, झाली तर पांढरा धूर. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. म्हणाला, डिझेलचा इंजेक्शन पंप गेला. नवा टाका नाहीतर रिकंडिशन, पण लवकर ठरवा.
बायकोला तिच्या बहिणीकडे जाऊन तीन आठवडे झाले. हवापालट. शिलाई मशीनही नेलंय, शिवताना तिला बरं वाटतं. गाडी झाली की तिला आणि मशीनला, दोघांना घेऊन येतो. फार तर चार दिवस.

४ मार्च, सकाळी
ठरलं. नवा.

४ मार्च, संध्याकाळी
शेजारचे रिटायर्ड बसड्रायव्हर म्हणाले, जुन्या पंपाची बॉडी ती बॉडी, नव्यात काही दम नाही राव. घाई नको.

६ मार्च
बायकोला फोन. अठरा मिनिटं. रिकंडिशनमध्ये आतले पार्ट नवे आणि बॉडी जुनी, हे नीट समजावलं. मधे एकदाही बोलली नाही. तिला या विषयात गोडी लागतेय. शेवटी म्हणाली, अहो, बसने या ना, दोन तासांचा तर रस्ता. म्हटलं, मशीन काय डोक्यावर घेऊन येऊ? हसली नाही. रेंज नसावी.

८ मार्च
रिकंडिशनच घेतला. मिस्त्री उद्या येणार होता, पण वेळ दवडणं माझ्या स्वभावात नाही. जुना पंप स्वतःच काढला.

९ मार्च
मिस्त्रीने विचारलं, काढण्याआधी पंपावर आणि इंजिनवर खूण केली होती ना? खुणेशिवाय टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, कसं जुळवणार? म्हटलं, माझ्या लक्षात आहे. तसाच बसवायला लावला. नुसता धूर. मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला.
दोष रिकंडिशनचा. परत केला. नवा मागवला, १४ला येईल.

११ मार्च
तिचा फोन. तिथल्या शिवणवर्गात शिकवायला बोलावतायत. १५पर्यंत हो-नाही कळवायचंय, काय करू, म्हणाली. म्हटलं, तुझ्या मनाला येईल ते कर, पंप १४ला येतोय. असा मोठेपणा किती नवरे दाखवतात? नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. भारावली असावी.

१४ मार्च
पंप आला नाही.
संध्याकाळी साडेसातच्या बससाठी स्टँडवर गेलो होतो. तिकीटही काढलं. चढलो नाही. बसने जायचं, ती नाही म्हणाली तर चारचौघांत हात हलवत परत यायचं. छे. गाडी हवीच.

१८ मार्च
पंप आला, बसला. मिस्त्रीने टायमिंग पहिल्यापासून लावलं. किल्ली फिरवताच इंजिन सुरू. धुराचं नाव नाही. निवड कशी करावी हे लोकांनी माझ्याकडून शिकावं. मागची सीट काढून मशीनला जागा केली. उद्या निघतो.

१९ मार्च
दार तिनेच उघडलं. वर्गावरून नुकतीच आली होती, बाहीला दोरा चिकटलेला. पाणी दिलं, चहा दिला. मी पंपाचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पंप कसा आहे ते मला सगळं कळलं हो, पण मी कशी आहे, हे एकदा तरी विचारलंत?
म्हटलं, कशी आहेस?
म्हणाली, आता बरी आहे. तुम्ही १५ला आला असतात, बसने, रिकाम्या हाताने, तरी मी आले असते. सकाळपासून फाटकाशी उभी होते.
मशीन तिथेच राहिलं.
घरी आल्यावर ही वही चाळली. खरंच विचारलं नव्हतं.
परतीच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवावी लागली. पंपाचा काही दोष नव्हता. मला पुढचं दिसत नव्हतं.