हे बंद होत न्हाई

३ फेब्रुवारी २००६, शुक्रवार
वाटूरहून सकाळच्या एसटीनं आलो. तातेराव मालकांचं भंगाराचं यार्ड जालन्याच्या एमआयडीसीत पार टोकाला आहे. राहायला खोली दिली, वर पत्रे असले तरी भिंती पक्क्या, दारात लिंबाची सावली. बायकोनं, द्वारकानं, पिशवी खाली ठेवायच्या आधीच चुलीची जागा ठरवली. निजामोद्दीन नावाचे जुने गॅसकटर आहेत, सगळे त्यांना निजामभाई म्हणतात. त्यांनी मला एक जाड गर्डर कापायला लावला आणि शेजारी बिडी ओढत बसले. कापून झाल्यावर म्हणाले, आयटीआयच्या पोरांना पुस्तक येतं, तुला आग येते. मंग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. बरं वाटलं. इथं आपलं जमणार.

७ फेब्रुवारी, मंगळवार
आज ट्रकमधून एक मशीन आलं. कुठल्या तरी मोठ्या दवाखान्यातलं, माणसाच्या आतले फोटो काढणारं. जात्याच्या पाळ्यांसारख्या दोन गोल लोखंडी थाळ्या, एक खाली, एक वर, मधी माणूस आडवा मावेल एवढी जागा. मागं एक जाडजूड खांब. ट्रकवाला म्हणाला, लाईट तोडली, वायरी काढल्या, आता मेलेलं आहे. सगळ्यात आतल्या शेडमधी लाकडी ओंडक्यांवरून ढकलत नेलं. वरचं प्लास्टिक काढताना माझं घड्याळ बंद पडलं. निजामभाईंनी दोरीला नट बांधून सोडला, तो हवेतच आडवा ताठ उभा राह्यला. शेजारच्या यार्डातली माणसं बघायला आली. लई हसलो.

९ फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या हातातला पाना गेला. निसटला न्हाई, कुणीतरी हिसकल्यासारखा गेला आणि आतल्या थाळीला जाऊन चिकटला. मी पाय रोवून ओढला, निजामभाईंनी मला धरून ओढलं. हलला न्हाई.
मशिनीपासून चार हातांवर काहीच कळत न्हाई. दोन हातांवर उगं मनगटाला ओढ वाटते. त्याच्या पुढं एक पाऊल टाकलं की विचार करायलाही वेळ मिळत न्हाई.

११ फेब्रुवारी, शनिवार
द्वारका डबा घेऊन शेडमधी आल्ती. तिच्या पदराची पिन आपोआप उघडली आणि मशिनीकडं तोंड करून थरथरायला लागली. तिनं डबा तिथंच ठेवला आणि मागं न बघता गेली. संध्याकाळी म्हणाली, मला गावाकडं जायचंय.
निजामभाईंनी ट्रकवाल्याकडून त्या दवाखान्यातल्या माणसाचा नंबर मिळवला आणि फोन लावला. तो म्हणाला, लाईटचा काही संबंधच न्हाई. आत चुंबकाच्या विटा आहेत, त्या शंभर वर्षं अशाच राहतील. हे बंद होत न्हाई.
आजवर मी जे कापलं ते मेलेलं होतं.
आगीनं लाल केलं तर चुंबक मरतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पण मालकांना विटा अख्ख्या विकायच्या आहेत. आग लावायची न्हाई म्हणाले.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
लाकडी पाचरी ठोकून पहिली वीट काढली. नीट गेली, खोक्यात भरली. दुसरी निजामभाईंच्या हातात होती. खोकं हातभर अंतरावर होतं. पहिली वीट खोक्याची फळी फोडून आली.
आवाज बंदुकीसारखा. ठिणग्या उडाल्या, एक कपची माझ्या गालात घुसली. निजामभाई ओरडले न्हाईत. हाताकडं बघत राह्यले आणि मला विचारलं, "वसंता, माझं बोट कुठंय?"
बोट दोन विटांच्या मधी होतं. विटा काही केल्या निघाल्या न्हाईत. तसंच त्यांना रिक्षात घालून नेलं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
द्वारका काल वाटूरला गेली. मी थांबलो.
आज निजामभाईंच्या घरी गेल्तो, जुन्या जालन्यात. ते तापात होते. नूरबी वहिनींनी चहा दिला, स्वतः उंबऱ्याशी बसल्या. मालकांना शिव्या दिल्या न्हाईत, मलाही बोलल्या न्हाईत. एवढंच म्हणाल्या, "भाईजान, ते बोट आणून द्या. त्यांच्या अंगाचं आहे, मातीत जायला पाहिजे. लोखंडात कसं ठेवायचं?"
मी हो म्हणालो.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
मशिनीपासून लांब नेऊन उघडावी म्हणून विटांची जोडी लाकडी गाड्यावर ठेवून बाहेर न्यायला निघालो. शेडमधून वाट एकच, मशिनीजवळून. मी अंगानं आडवा राह्यलो. तरी गाडा कलला आणि जोडी गेली. आत. खालच्या थाळीवर जाऊन बसली.
बोटासकट.


१८ फेब्रुवारी, शनिवार
मालक आले. आता विकायचं न्हाई म्हणाले, आग लावा, तुकडे करा. मी न्हाई म्हणालो. बोटाचं सांगितलं. ते म्हणाले, एका बोटासाठी दुसरा माणूस घालवू काय? जाफराबादकडचे दोन कटर बोलावलेत, सोमवारी येतील.
म्हणजे उद्याचाच दिवस.

१९ फेब्रुवारी, रविवार
यार्डात कोणी न्हाई. पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, चपला काढल्या, खिळे असतात म्हणून. हातात फक्त पाचरी आणि लाकडी मोगरी. दोन थाळ्यांच्या मधी आडवा होऊन शिरलो.
पाचर बसली. फट पडली. निजामभाईंची चांदीची अंगठी दिसली. बोट काढलं, रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलं.
फट धरून ठेवलेला डावा हात मागं घेताना पाचर मोडली.
तो हात विटांमधी आहे. मनगटापर्यंत. आधी लई दुखलं, आता काहीच कळत न्हाई. ही वही खिशात होती, उजव्या हातानं लिहून राह्यलो. हाका मारल्या. शेजारची रोलिंग मिल चालू आहे, माझंच मला ऐकू येत न्हाई —

गेट वाजलं. माणसं आली. सुटलो.

दोघं आहेत. आजच आले. नवे कटर. मशिनीच्या मागून येऊन राह्यले, मी त्यांना दिसत न्हाई —

ओरडलो. पुन्हा —

गॅसचा सिलिंडर आणून राह्यले. लोखंडी. तिरपा करून बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत. अजून लांब आहे. त्यांना कुणी सांगितलं न्हाई — चार हात सोडून थांबा, थांबा रे —

बोट माझ्या वरच्या खिशात आहे, रुमालात. नूरबी वहिनींना द्यायचं. द्वारकाला म्हणावं मी

सिलिंडर आपोआप फिरायला लागला, त्यांच्या हातातून —