खिडकीतली वकिली

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तुझा आवाज कापरा होतो, मग मी मवाळ पडते, आणि आज मला मवाळ पडायचं नाहीये. म्हणून हा कागद. पहिली बातमी ही, की या साथीतही आपलं ऑफिस चालू आहे.

कसं चालू आहे ते नीट वाच, म्हणजे ताईचं डोकं फिरलंय असं लोकांना सांगताना निदान माहिती तरी खरी देशील. कारकूनकाकांना मी पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं. साखर वाढलेल्या माणसाने शौर्य गाजवू नये. ते घरून टाइप करतात आणि माझ्या शुद्धलेखनाची लाज काढतात. टेबल मी रस्त्याकडच्या खिडकीला लावलंय. अशील बाहेर बाकावर, मी आत, मध्ये काच. एका वेळी एकच, तेही वेळ ठरवून. मोठ्याने बोललं तर घरातली भांडणं अख्ख्या गल्लीला कळतील, म्हणून बाकावर एक जुना मोबाइल ठेवलाय. अशील त्यात हळू बोलतो, मी आत ऐकते. तो गेला की मोबाइल आणि बाक दोन्ही पुसते. कागद दोन दिवस पेटीत पडून राहतात, सहीला ज्याचं त्याचं पेन. परवा एका आजोबांनी काचेपलीकडे मृत्युपत्रावर सही केली. समोरचा औषधवाला आणि त्याची बायको साक्षीला लांब उभे राहून टक लावून बघत होते. आजोबा म्हणाले, "इतकं लक्ष देऊन मला आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं."

आता मुद्द्यावर येते. सगळं फोनवरच कर, असा तुझा धोशा आहे. पण जिचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिने कुठून करायचा? एक शिवणकाम करणारी बाई सासूची औषधं आणायच्या निमित्ताने बाहेर पडायची. नवऱ्याचं काम बंद, तो दिवसभर घरात, आणि ऊठसूट तिच्यावर हात टाकायचा. तिच्याकडे दर वेळी दहाच मिनिटं असायची. पहिल्या दिवशी तिने नुसती बाही वर करून काळानिळा दंड काचेला लावला. अशा चार खेपांत आम्ही तिचं शपथपत्र पुरं केलं. ऑनलाइन सुनावणीच्या दिवशी तिला तुझ्या रिकाम्या केबिनमध्ये बसवलं, खिडक्या सताड उघडून. मी बाहेरच्या खोलीत. भिंतीच्या दोन बाजूंना, दोन पडद्यांसमोर आम्ही दोघी. नवरा आपल्या पडद्यावर आरडाओरडा करायला लागला, तेव्हा न्यायाधीशबाईंनी सरळ त्याचा आवाज बंद केला. इतक्या वर्षांच्या वकिलीत अशी सोय मी पहिल्यांदाच पाहिली. त्याने त्याच संध्याकाळी घर सोडायचं, असा हुकूम झाला. ती रडली नाही. दारात उभी राहून तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आजपासून कडी आतून मी लावायची ना?"

त्या दिवशी खिडकी बंद असती तर ती कुठे गेली असती, याचं उत्तर मला फोनवर नको, लिहून दे.

काल इमारतीच्या सेक्रेटरींनी मला एक अर्ज दाखवला. ऑफिसमुळे रहिवाशांना धोका आहे, ते ताबडतोब बंद करावं. कुणा शेजाऱ्याचा असेल म्हणून वाचायला घेतला, तर खाली तुझी सही. रात्रभर तुझा राग राग केला. सकाळी समजलं, की तुला रहिवाशांची नव्हे, माझी काळजी आहे. बाबा ज्यात गेले तो आजार आपणच ऑफिसातून घरी नेला, असं तू मनात धरून बसलायस, आणि आता बहीणही जायला नको म्हणून ऑफिसला कुलूप घालायला निघालायस. ऐक. त्या आरोपाला पुरावा नाही. मी तुला कधी दोषी मानलं नाही, बाबांनीही मानलं नसतं. पण माझ्यावरच्या मायेपोटी त्या बाईसारख्यांचं दार लावायचा हक्क तुला नाही. सोमवारी समितीची बैठक आहे. त्याआधी अर्ज मागे घे. नाही घेतलास तर तुझ्याविरुद्ध मीच उभी राहीन, आणि लहानपणापासून माझ्यासमोर तू एकदाही जिंकलेला नाहीस.

खिडकीतून न हटणारी, तुझीच,
ताई