बाटली नंबर अकरा

३ जून, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे हे आधीच लिहून टाकते. सत्तावीस वर्षं औषधाच्या कारखान्यात पावडरी मोजल्या, मग कारखाना बंद पडला. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई घरी बसून माशा मारणार. पण वजनाच्या बाबतीत माझा हात केसभरही चुकत नाही, आणि असा हात लागणारं एक ठिकाण नेमकं धाकटीच्या गावात निघालं. तिच्याच घरी जिन्यावरची खोली मिळाली आहे. मेहुण्यांनी खाट स्वतः जोडून दिली. एक स्क्रू उरला. तो कुठला, यावर जेवताना बराच वाद झाला.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. कोमट पाण्याच्या लांबट टाकीत वीस बाटल्या हळूहळू डुलत असतात, आणि प्रत्येकीत बोटात मावेल एवढी जस्ताची एक रिंग. आतड्याचा खराब भाग कापून टाकला की उरलेली दोन टोकं जोडावी लागतात. ही रिंग ती टोकं धरून ठेवते आणि जखम भरली की शरीरातच विरघळून जाते. पुन्हा पोट उघडायला नको. एक ते दहा नंबरच्या बाटल्यांत नुसताच पाचक रस. अकरा ते वीसमध्ये रिंग जनावराच्या आतड्याच्या तुकड्याला टाचलेली, आणि तो तुकडा औषधांवर जिवंत ठेवलेला. दर सोमवारी सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, टिपायचं, वजन करून लिहायचं. रिंग विरघळते, म्हणजे वजन दर आठवड्याला घटलं पाहिजे. याहून सोपं काम नाही.

४ जून

खरं कारण लिहायलाच हवं. धाकटीला आम्ही चिमणी म्हणतो, लहानपणापासून दाणे टिपल्यासारखी जेवते म्हणून. आता तेवढंही जात नाही. तिच्या आतड्याचा वीतभर भाग आकसला आहे. त्रेचाळीस किलो उरली आहे. सर्जनबाई तिला आमचीच रिंग घालणार आहेत, पण या खेपेच्या रिंगा बारा आठवड्यांच्या तपासणीत पास झाल्यावर. दहा आठवडे माझ्या आधी या कामावर असलेल्या बाईंनी केले, शेवटचे दोन माझे. बहिणीचं ऑपरेशन माझ्याच काट्यावर येऊन थांबलंय म्हणायचं.

१० जून

एक ते दहा अगदी शहाण्यासारख्या घटल्या. अकरा ते वीस वाढल्या. सगळ्याच्या सगळ्या. तीनदा धुतलं, तीनदा मोजलं, वजनं तीच.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, वजन वाढायला धातू काय जेवतो का? जिवंत तुकडा पाणी धरतो, म्हणून काटा जास्त दाखवतो. अशा वेळी इथे आकडा ‘रेषेवर घ्यायचा’ असतो. मागच्या आठवड्यांची रेष पुढे ओढायची, ती जिथे पोचेल तो आकडा लिहायचा. आधीच्या बाई दर आठवड्याला तसंच करायच्या. वही उघडून दाखवली. मोत्यासारखं अक्षर आणि दहा आठवडे उतरता जिना.

जुन्या कारखान्यात असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण दहा आकड्यांना लाल खूण केली की ही खेप बाद, पुन्हा बारा आठवडे. चिमणीच्या पोटात आज सकाळी पाणीसुद्धा ठरलं नाही. मी आकडे रेषेवर घेतले. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

१७ जून

पुन्हा वाढल्या. पुन्हा रेषेवर घेतल्या. सही केली. खेप पास.

१९ जून

ऑपरेशन छान झालं. मेहुणे हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले आणि मग मलाच म्हणाले, रडू नका.

१ जुलै

चिमणी घरी आली आणि जेवते आहे! वाटी पुढे करून अजून वाढ म्हणते. मेहुणे म्हणाले, आता हिचं नाव बदलायला हवं. खूप दिवसांनी घरात मोठ्याने हसलो.

पोटाच्या एक्स-रेत रिंग दिसत नाही. सर्जनबाई म्हणाल्या, इतक्या लवकर विरघळलेली त्यांनी पाहिली नव्हती, शाबास.

८ जुलै

चमचे कमी झाले आहेत. सुयांची डबी रिकामी. मी मेहुण्यांच्या वेंधळेपणाला नावं ठेवली. सोफ्याखाली शोधत होतो, तेव्हा चिमणी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

चिमणी एकसष्ट किलो भरली. चेहरा तसाच, मनगटं तशीच काडीसारखी. चालली की जिन्याच्या फळ्या वाजतात.

आणि अकरा नंबर. खेप पास झाली तरी बाटल्या अजून टाकीतच आहेत. जेवायला जाताना चिमटा चुकून त्या बाटलीत राहिला. परत आले तर चिमट्याची टोकं नव्हती. तुकडा उरलेल्या दांड्याला घट्ट आवळून बसला होता आणि लाटेसारखा आकसत तो दांडा आत ओढत होता. हळूहळू. आतड्यात घास पुढे सरकतो तसा. रिंग कुठेच नव्हती. रिंग विरघळली नव्हती, ती तुकड्यात शिरली होती. आता तो तुकडाच —

साहेबांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, झाकण लावलं, आणि म्हणाले की वजनं तर बरोबर आहेत ना.

११ जुलै

साहेबांकडून एवढंच काढता आलं की आधीच्या बाईंनी नवऱ्यासाठी नोकरी सोडली. या खेपेतली पहिली रिंग, पास होण्याआधीच, चाचणी म्हणून त्यालाच घातली होती.

पत्ता मिळवून भर दुपारी गेले. दार चौकटीला नुसतं टेकवलेलं. बिजागऱ्या नाहीत. कडी नाही. खिडक्यांना गज नाहीत, फक्त भोकं. आत खुर्च्या उकलून पडलेल्या, कारण त्यांतले खिळेच नाहीत. शेजारीण म्हणाली, बाईंना महिन्यापूर्वी नेलं. अंगात रक्त असून नसल्यासारखं झालं होतं, कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. आणि नवरा? तो चालत गेला, म्हणाली. रस्त्याला खड्डे पडले पावलांचे.

१३ जुलै

मेहुण्यांना उठवत नाही. ओठ पांढरेफटक. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं लोह गेलंय, कुठे गेलं कळत नाही, उद्या भरती करा. मला कळलं. ते तिच्या शेजारी झोपतात.

चिमणीला सगळं सांगितलं. वही, रेष, माझी सही. वाटलं होतं ओरडेल. तिने माझा हात धरला. तिचा हात थंड, जड. म्हणाली, ताई, मला उपाशी मारण्यापेक्षा बरंच केलंस ना. आणि हात सोडेना.

१४ जुलै

मेहुणे गेले. पहाटे कधीतरी. ती त्यांना मिठी मारून बसली होती. त्यांच्या दातांत चांदी भरलेली होती, ती —

नाही लिहिणार.

१५ जुलै, सकाळ

वर आले. खोलीचं दार लावलं. सर्जनबाईंना फोन केला. उद्या त्याच खेपेच्या रिंगा सहा जणांना. थांबवा म्हटलं, हात जोडून म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुमच्या दुःखाची कल्पना आहे. पण वही माझ्यासमोर आहे. सगळी वजनं घटलेली. अक्षर तुमचं, सही तुमची. मी तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवू की वहीवर?

खोटं लिहिलं म्हणून सांगितलं. म्हणाल्या, विश्रांती घ्या.

सहा जण.

दुपार

खरे आकडे इथे लिहिते, जेवढे आठवतात. कुणीतरी वाचा आणि त्यांना दाखवा. १० जून, अकरा नंबर: चार ग्रॅमने वाढ. बारा: साडेतीन. तेरा: चार. १७ जून, अकरा: नऊ. बारा: आठ. पुढे —

फळ्या वाजतायत. वर येते आहे.

दाराशी बसली आहे. ठोठावत नाही. खालची बिजागरी — आवाज येतोय, चोखल्यासारखा. मी खाट सरकवून दाराला लावली, पण खाटही लोखंडीच, शेवटी —

रडते आहे. ताई, भूक लागली गं. आता थांबवत नाही. तू बाहेर ये, नाहीतर मला आत घे.

खिडकी आहे. उडी मारली तर वाचेनही. सहा जणांसाठी मारायला हवी.

मधली बिजागरी गेली.

ही वही खिडकीतून टाकेन. मी — ती माझ्यामुळे उपाशी आहे. मी तिला एकटीला नाही — कानातलं काढून ठेवलंय हातावर, आधी ते देईन, मग सांगेन की —

वरची पण —

ये बाळा, ये, हे बघ मी तुझ्यासाठी