भावेशच्या हळदीची सीडी परत न करण्याबाबत

पूर्णा, ता. भिवंडी
९ फेब्रुवारी २००६

चि. हिरामण यास केसरीनाथ दाजीचा रामराम. गणेशपुरीला सगळी मंडळी खुशाल असतील, म्हशीचा पाय बरा असेल, आणि तुझं तोंडही नेहमीसारखं चालू असेल. असणारच. परवा एसटीने आलेल्या नामाकडे तू निरोप दिलास की दाजी माझ्या पोराच्या, भावेशच्या हळदीची सीडी दाबून बसलेत. नामाने तो आमच्या ओट्यावर उभा राहून, समोरच्या गोडाऊनच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात पोचवला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला चोर ठरवताना तुला काहीच कसं वाटलं नाही? म्हणून हे पत्र. (फोन केला असता, पण आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये तुझी बहीण आहे.)

तर ऐक. गेल्या महिन्यात मला शुगर निघाली. वीस तारखेला पुन्हा रक्त तपासायचं आहे, आणि तोवर आकडा उतरला नाही तर सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, तेही जन्मभर. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास घाम काढा. चालायला जावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर उभे, मधून रिक्षा, माणसाने पाय ठेवायचा कुठे? पूर्वी भातलावणीला दिवसभर कमरेत वाकलेलो असायचो तेव्हा घाम काढायला कुणाला सांगावं लागत नव्हतं. आता शेतावर गोडाऊन उभं राहिलं आणि आम्ही सोफ्यावर बसलो. सून निशा म्हणाली, पप्पा, हल्ली लोक घरी सीडी लावून व्यायाम करतात, मजा येते. मजा हा शब्द तिचा, माझा नव्हे.

निजामपुऱ्यात एक सीडीवाला बसतो, त्याच्याकडे गेलो. त्याने अशा सीड्या पुढे टाकल्या की मी आधी मागे वळून कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं. म्हटलं, बाबा, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, साडी नेसून करता येईल असं काही आहे का? तर हसायला लागला. "चाचा, साडी कौन पहनेगा?" (मी आपलं सहज विचारलं होतं.) शेवटी त्याने तीन सीड्या गळ्यात मारल्या आणि मी त्या पिशवीत भाजीखाली लपवून आणल्या.

पहिलीत एक परदेशी बाई समुद्राकाठी उड्या मारते. तिची भाषा कळत नाही, पण ती खोटारडी आहे एवढं दोन दिवसांत कळलं. हसत हसत लास्ट वन म्हणते आणि पुढे आणखी सोळा करायला लावते. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गुडघे उचलत होतो, तर खिडकीबाहेर दोन कंटेनरवाले दात घासत उभे. त्यातला एक म्हणतो, "चाचा, घुटना और ऊपर." मी पडदा ओढून घेतला. तुझी बहीण सोफ्यावर मांडीत सूप घेऊन तांदूळ निवडत हे सगळं बघत होती. म्हणते कशी, "आवो, त्या बाईचा पाय बगा कुठं हाय नि तुमचा कुठं हाय." तिला म्हटलं, ये, तू करून दाखव. तर म्हणे, "मला न्हाय जमायचं. तुमचं चालू द्या."

दुसऱ्या सीडीत योगवाले महाराज. ते सांगतात, खिडकी उघडा, समोरच्या हिरव्या शेतावर नजर ठेवा आणि मन शांत करा. मी खिडकी उघडली. समोर गोडाऊनचा निळा पत्रा, आणि त्याच्याखालचं शेत माझंच. मन कसं शांत होणार? दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं आणि तुझी बहीण मात्र महाराजांचा आवाज ऐकून बसल्या बसल्या घोरत होती.

तिसरीत ढोलकीवर नाच होता, ती मला त्यातल्या त्यात बरी वाटली. त्यातला मास्तर दोन्ही हात वर करून थांबला, मीही थांबलो. तो हलेना, मीही हलेना. म्हटलं याच्यापुढे हार मानायची नाही. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. निशा चहा घेऊन आली आणि म्हणाली, पप्पा, सीडी अडकलीय. तुझी बहीण म्हणाली, तिला मघाशीच कळलं होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, तुम्ही रंगात आला होता.

त्या संतापात मी हाताला आली ती सीडी लावली आणि ती निघाली भावेशच्या हळदीची. बँजो सुरू झाला आणि मी चाळीस मिनिटं थांबलो नाही. बनियन पिळावा एवढा घाम आला. तेव्हा स्पष्ट सांगतो, तुझी सीडी मी दाबलेली नाही, ती औषध म्हणून चालू आहे. पण तुझ्या व्हिडिओवाल्याला काय म्हणावं? मी दोन तास नाचलो आणि सीडीत माझी अर्धी पाठ. तू जेवताना मात्र अकरा मिनिटं. वर, तू बहिणीला, आक्काला, हाताला धरून नाचायला उठवतोस तिथे पहिला भाग संपतो, आणि दुसरा भाग तुझ्या कपाटात. मग दाबून कोण बसलंय? मुकाट्याने दुसरा भाग पाठव. तोवर पहिला मिळणार नाही.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. हे पत्र निशाने तुझ्या बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठीक आहे, टाका पेटीत.

ता. क. २. हे पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय. हिरामण, शुगर मला नाही. ती आक्काला आहे. माहेरी कळू द्यायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातलीय. माझा रिपोर्ट चांगला आहे. मी रोज तिच्यासमोर उड्या मारतो त्या एवढ्यासाठी की कधीतरी तिला लाज वाटेल, नाहीतर मजा वाटेल, आणि ती उठेल. तीन सीड्यांत ती एकदाही उठली नाही. तुझ्या सीडीत तू "ऊठ गं आक्का" म्हणून तिचा हात धरतोस ना, तिथे तिने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि उठली. सहा पावलं नाचली आणि सीडी संपली. मग पुन्हा बसली. आता मी रोज ती सीडी पहिल्यापासून लावतो आणि ती रोज तेवढीच सहा पावलं नाचते. सहा पावलांनी काय होणार? मला भीती वाटते रे.

दुसरा भाग पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये, आणि वीस तारखेपर्यंत इथेच राहा. ती विचारेल कशाला आलास, तर सीडीवरून दाजींशी भांडायला आलो म्हण. दर वेळी आणतोस ते पेढे या खेपेला आणू नकोस. का आणले नाहीस विचारलं तर सांग, दाजींना शुगर झालीय ना. तिला राग येणार नाही, शुगर माझ्याच नावावर आहे.