देव्हाऱ्यातले फ्यूज

वलगाव, ३ जानेवारी

तीर्थरूप आत्याबाईंना हर्षाचा वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या पायी तुडवून तुम्ही अजून स्वतःच भाजी आणता असं कळलं, म्हणजे बरी असावी. इकडे बाबांचे गुडघे सोडून सगळे खुशाल. (फोनच करणार होते, पण तुम्ही स्पीकरवर बोलता आणि इकडे बाबा शेजारीच बसलेले असतात.)

पाणी द्यायच्या दिवसांत लाईन आली की बाबा मोटार सुरू करायला संत्र्याच्या बागेत लंगडत जातात, ते मला बघवत नाही. म्हणून मी पत्त्यांच्या डबीएवढा एक छोटा संगणक घेतला. जमिनीत रोवलेली कांडी त्याला ओल किती ते सांगणार आणि माती सुकली की तो पाणी सोडणार. तयार ऑपरेटिंग सिस्टीम मिळत होती, पण तिच्यात गाणी, चित्रं, खेळ असा पसारा, की लाईन जाऊन आली की ती पाच मिनिटं पदरच खोचत बसायची. म्हटलं, आपली आपणच बांधू: उठायचं आणि पाणी बघायचं, बास. बाबांनी अट घातली, संक्रांतीपर्यंत जमलं तर यंदाच्या बहराचं पाणी माझ्या हाती. (संक्रांतच का, ते मी विचारलं नाही. तिथेच फसले.)

सव्वा महिना मी लॅपटॉपसमोरून हलले नाही. एकेक बांधणी चार तास चालायची आणि शेवटी पडद्यावर ओळ यायची, की यंत्र घाबरलं आहे. (खोटं नाही, ते इंग्रजीत खरंच तसं लिहितं. त्याच्या फाइली कुठे ठेवल्यात तेच मी त्याला सांगितलं नव्हतं.) बाबा म्हणाले, "घाबरलं तं घाबरू दे, तू काहून रडून राह्यली?" अखेर बाराव्या खेपेला, परवा सकाळी, ते सात सेकंदांत उठलं. आईनं साखर वाटली.

मग ते बागेत नेऊन जोडलं. उठल्या उठल्या त्यानं माती कोरडी बघितली आणि पाण्याचा कॉक उघडला. मोटार मात्र गप्प. मी तारा चाचपते आहे तोच बाबा गुडघे विसरून धावत आले. "अवो पोरी, बाग ताणावर आहे न! आता पानी देलं तं फूल कुठून येईन?" आत्याबाई, संत्र्याच्या घरात जन्मून मी हे विसरले! पाणी तोडून झाडं तहानलेली ठेवायची, तेव्हा कुठे पुढच्या पाण्याला ती फुलतात. मधेच पाजलं की नुसता पाला. (बाबा महिनाभर बागेत फिरकले नाहीत, ते मला गुडघ्यांमुळे वाटलं.) बहर बुडायचाच होता, पण मोटारीच्या पेटीत फ्यूजच नव्हते. आई म्हणाली, "ते तं कवाच अकोल्याले गेले, आत्याबाईपाशी." ताण सुरू झाला की बाबा तिन्ही फ्यूज रुमालात बांधून तुमच्या देव्हाऱ्यात ठेवायला पाठवतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मला वाटलं, चोरांच्या भीतीनं. बाबा खाली बघत म्हणाले, "मलूल पानं माह्यानं पायवत नाई. हाताशी असले तं मी देतोच पानी."

ताण संक्रांतीला सुटतो, म्हणून आता यंत्राला तारीख सांगितली आहे. संक्रांतीआधी माती तडकली तरी ते हलणार नाही. बाबा म्हणाले, "डोकं आहे तुह्या डबीले." पाणी माझ्या हाती आलं. मी फार सुखात आहे.

तुमची लाडकी,
हर्षा

ता. क. खरं काम राहिलंच. शेजारचा धम्मदीप संक्रांतीनंतर अकोल्याला येईल, त्याच्याकडे फ्यूज द्या. त्याआधी बाबांनी कितीही गोड बोलून मागितले तरी देऊ नका. (नवे फ्यूज इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ते त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांजवळ बोलत नाही.)

आणखी एक. काल मी एकटीच बागेत गेले होते. पानं हातात घेऊन बघितली. यंत्रातली तारीख बदलायला मला एक मिनिट पुरतं. म्हणून सोबत कागदात गुंडाळून नखाएवढं कार्ड पाठवते आहे. माझी सव्वा महिन्याची मेहनत सगळी त्यातच आहे, ते काढलं की यंत्र उठतच नाही. फ्यूजशेजारी ठेवा, हळदीकुंकू तेवढं वाहू नका. आणि मी रडून मागितलं तरी देऊ नका.