बाळूची विकेट

१२ डिसें. ९९, हिंगोली
मॅच जिंकलो. पोरं मैदानावर नाचून राहिली. मी ग्लोव्हज काढून बाजूला बसलो.

बाळू अठ्ठेचाळीसवर होता. माझा सख्खा पाठचा भाऊ. गावी हट्ट्याला खळ्यावर मीच त्याला बॅट धरायला शिकवलं. आज तो वसमतकडून, मी हिंगोलीकडून कीपर. त्यानं मिडविकेटला मारला, दोन पळाले, पन्नास झाले. थ्रो आखूड पडला म्हणून मी स्टंप सोडून पुढं गेलो अन् बॉल उचलला. बाळूनं क्रीजमधे बॅट टेकवली, अन् तसाच बाहेर येऊन माझ्या पाया पडला. भर मॅचमधे! येडं पोरगं.

तो वाकलेला असताना मी वळून स्टंपवर बॉल मारला. अपील केलं, घसा फोडून. अंपायर माझ्याकडं बघत राहिला, मग बोट वर केलं. त्यानंतर त्यांची टीम कोसळली.

कॅप्टन म्हणला, "बॉल चालू होता, नियमात बराबर हाये." व्हय, बराबर हाये. मी सगळ्यायला सांगितलं की हात आपोआप गेला. खोटं. आधी त्याची पाठ दिसली, मग हात गेला.

१३ डिसें.
औ.बादहून आलेल्या निवडीच्या साहेबांनी बोलावलं. विभागाच्या कॅम्पला जिल्ह्यातून एकच जागा. म्हणाले, "तुझा अन् तुझ्या भावाचा, दोघांचा विचार होता. पण कीपर असाच पाहिजे. सख्खा भाऊ बघितला नाही." मी विचारलं, बाळूचं काय? "बॅटिंग सुरेख आहे. पण भोळा आहे रे. क्रीज सोडून पाया पडतो! वर टिकायचा नाही."

मी साहेबांच्या पाया पडलो. थू माझ्या जिनगानीवर.

२ जाने. २०००, हट्टा
आईनं पुरणपोळ्या केल्या, माझ्या सिलेक्शनच्या. एका पंगतीला मी अन् बाळू. आई म्हणली, "काहून रे, दोघं बोलून न्हाई राहिले?" बाळू म्हणला, "दादाला कॅम्पला जायचं हाये ना आई, त्याच इचारात हाये तो." त्यानं माझ्या पानात तूप वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची बॅट कुठं दिसली न्हाई. शेजारच्या पोरायला देऊन टाकली म्हणे. माफी मागायची म्हणून आलो होतो. तोंड उघडलं अन् म्हणलो, "लोणचं सरकव."

जून २००१, औ.बाद
कंपनीच्या टीममधे पगारी झालो. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी हजेरीपुरती स्टोअरमधे ड्युटी. कॅम्पपासून तो किस्सा माझ्या पुढं पुढं चालतो. नवीन बॉलर आला की कॅप्टन सांगतो, "याला कमी समजू नका, यानं पाया पडणाऱ्या भावाला आउट केलंय." सगळे खो खो हसतात.
मीबी हसतो. आता सवय झाली.

९ जाने. २००४
राज्याच्या टीममधे नाव आलं. चार मॅच बाकावर बसलो, पाचवीत ग्लोव्हज घातले. दोन कॅच चांगले, बॅटिंगला एकतीस. पेपरात आलं, "चलाख यष्टिरक्षक". तो शब्द वाचला अन् पेपर उलटा ठेवला.

गावाकडं फोन केला. आई म्हणली, बाळूनं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान टाकलं, तुझा पेपरातला फोटो भिंतीला डकवलाय. म्हणलं, माझ्याबद्दल काय म्हणतो? "काय म्हणंल? दादा म्हणतो."

४ फेब्रु. २००५, हट्टा
उजव्या हाताचं बोट मोडलं म्हणून सुट्टी. आधी वारंगा फाट्यावर गेलो. बाळूच्या दुकानापुढं ट्रक उभे, ड्रायव्हर लोक चहा पिऊन राहिले. एकानं भिंतीवरचा फोटो बघितला, मला बघितलं. "तुमीच का ते? बाळूशेठ सांगतेत ना आमाला. जागा एकच होती, साहेब बघून राहिले होते. म्हणतेत, म्हणून मी मुद्दामच क्रीज सोडून आलो, म्हणलं दादाला जाऊ द्या पुढं. खरंय का हो?"

बाळू टायर काढायची टामी हातात तशीच धरून माझ्याकडं बघत होता. सगळेच बघत होते.

मी म्हणलो, "व्हय."

"वा! भाऊ असावा तर असा!" एकानं बाळूची पाठ थोपटली. बाळू खाली बसला अन् ट्यूबला कानस मारायला लागला.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ फेब्रु., औ.बाद
सकाळी बाळूनं गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं. एसटी दिसली तवा बोलला.

"दादा, इतकी वर्षं लोक इचारतेत, भावानं असं काहून केलं? तुला कोणी नावं ठेवू न्हाई म्हणून मी तसं सांगतो. मला काय, मी आउट तो आउटच. पण तू तर तिथं होता ना? तू काहून व्हय म्हणला?"

मी एसटीकडं चालायला लागलो. त्यानं माझी किट वर टाकली, मोडल्या बोटाला धक्का लागू न्हाई म्हणून खिडकीकडची सीट धरून दिली. खाली उतरून म्हणला, "पोचला की फोन कर."

पोचून तास झाला. पीसीओसमोर बाकावर बसून हे डाव्या हातानं खरडून राहिलो. पीसीओवाला दोनदा म्हणला, "लाइन मोकळी आहे भाऊ, या." नुसतं पोचलो म्हणलं तर बाळू "बरं" म्हणून ठेवून देईल, तसाच हाये तो. मग ते "काहून" पुन्हा कधी इचारणार न्हाई.